टिटवीच्या पिल्लाला हाक कोणी मारायची

मी, पद्माकर वासुदेव खांबेटे, वय ऐंशी, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार सेक्टर पंधरा, फरीदाबाद, येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. गोंधळलेली आहे, पण शाबूत आहे. 'गोंधळलेली' हा शब्द काढा असे वकील दिलीप सबनीस म्हणाले; तो मी ठेवला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा अंशुमन आणि मुलगी रसिका यांना निम्म्या-निम्म्या. एवढ्यापुरता गोंधळ नाही.

२. माझी ड्रॉइंगची पेटी, कंपास आणि जर्मन पेनांसह, नातू वेदांत याला. तो टिटवीला टिटहरी म्हणतो. दिल्लीत वाढलेले पोर, चालायचेच. पेनांची टोके मात्र वापरून झाल्यावर पुसावीत.

३. मेहुणे दत्तात्रय यांना काहीही नाही. माझी पत्नी कै. कुमुदिनी हिने मुलांसाठी 'टिटवीची गच्ची' हे पुस्तक लिहिले. टिटवी गच्चीवर अंडी घालते, पिल्लांना उडता येत नाही, आई खालून हाक मारते आणि एकेक पिल्लू उडी टाकते. शेवटचे पिल्लू कठड्यावर उभे राहते, तिथे पुस्तक संपते. मराठी घरांतल्या मुलांच्या दोन पिढ्या त्या पानावर नखे चावत बसल्या. छापील प्रत पाहून दत्तात्रय म्हणाले, "ताई, टिटवी ओरडली की घरातलं कोणीतरी जातं म्हणतात. तुला दुसरा पक्षी नाही सापडला?" तिने ती प्रत कपाटात ठेवून दिली. माझा राग अजून गेलेला नाही.

४. पुस्तकाचे हक्क. या पुस्तकावर आणि ते लिहिणाऱ्या कुमुदिनीवर विक्रांत नावाचे पुण्याचे दिग्दर्शक चित्रपट करत आहेत. शेवटचा प्रसंग सोडून चित्रीकरण पुरे झाले आहे. करारानुसार शेवटाला हक्कदाराची, म्हणजे आज माझी, लेखी संमती लागते, आणि तिथेच गाडी अडली आहे. अंशुमन मानेसरहून फोनवर म्हणाला, "बाबा, आई मला सांगायची तेव्हा पिल्लू उडी मारायचं. बिल्कुल क्लिअर आहे यार, यात डिस्कस काय करायचं?" रसिका म्हणाली, "मला सांगायची तेव्हा ते वरच राहायचं आणि टिटवी त्याच्यापाशी परत यायची. उडी दाखवली तर मी तो पिक्चर बघणार नाही." दोघांचेही खरे आहे. आमच्याकडे गोष्ट जेवताना चाले, आणि ज्याचा घास अडला असेल त्याच्या कलाने कुमुदिनी शेवट करी. हे सांगूनही दोघांनी अबोला धरला आहे. सबब, पुस्तकाचे हक्क रसिकाला.

५. कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द. रसिका लहानपणी उंचीला भीत असे, म्हणून तिच्यासाठी पिल्लू वर ठेवले असणार. म्हणजे मूळ शेवट अंशुमनचा. हक्क अंशुमनला. पण तो तेव्हा शाळेत जायला रडत असे, म्हणजे उडी त्याच्यासाठी घातली असणार. हेही मला पटेनासे झाले आहे.

६. चित्रपटात कुमुदिनीचे काम देविका नावाच्या बाई करतात. त्यांचे मराठी तोडके. विक्रांत म्हणाले, "काका, त्या कशा बोलायच्या ते शिकवाल का?" मी रोज करोल बागेतल्या सेटवर जाऊन शिकवले. 'अहो' किती लांबवायचे, रागावल्यावर आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. बाई हुशार. एकदा शॉट संपल्यावर माझ्या तोंडून गेले, "गोळी घेतलीस का?" त्या म्हणाल्या, "घेतली हो. किती वेळा विचाराल?" हे मी शिकवले नव्हते. सगळे हसले, मीही हसलो. तेव्हापासून कुमुदिनीचा आवाज आठवायला गेलो की देविकाबाईंचा येतो. चेहरा आहे, पदराचा वास आहे, आवाज नाही. शिकवता शिकवता माझ्याजवळचा तो संपून गेला. रागवावे कोणावर ते कळत नाही. फार दुःख होते.

टिटवीची हाक कुमुदिनी तोंडाशी दोन्ही हात धरून काढी. तीही बाईंना शिकवा असे विक्रांतनी सांगितले, तेव्हा मला ती काढता येईना. आठवतच नाही. अंशुमन आणि रसिका यांना येते. लहानपणी जिन्यात ती काढून दोघांनी शेजाऱ्यांना भंडावले होते.

७. म्हणून कलम ४ व ५ मधील हक्कांची वाटणी रद्द. वकिलांनी कपाळाला हात लावला आहे. हक्क दोघांना मिळून. पिल्लाने उडी मारावी की नाही ते विक्रांतनी ठरवावे. मला ते कळलेले नाही, आणि कुमुदिनीलाही कळले नसावे. पण हाक देविकाबाईंच्या आवाजात नको. ती अंशुमन व रसिका यांनी शेजारी शेजारी उभे राहून काढावी. एकट्याने काढल्यास संमती नाही असे समजावे.

८. हीच हाक दोघांनी बुधवारी घरी येऊन मला एकदा ऐकवावी. मृत्युपत्रातली इच्छा माणूस गेल्यावरच लागू होते, तेव्हा हे कलम कायद्याने निरुपयोगी आहे, असे वकिलांचे म्हणणे. ते बरोबर असेल. कलम तसेच ठेवून याची प्रत दोघांना आजच पाठवावी.

हे लिहून देणार:
पद्माकर वासुदेव खांबेटे (सही)

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली, व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.
साक्षीदार १: गुणवंत काळसेकर, शेजारी (सही)
साक्षीदार २: उत्तरा मोहिले, शेजारी (सही). मजकूर वाचायचा नसतो असे सांगूनही यांनी वाचला, आणि प्रती पोचवायला त्या स्वतः निघाल्या आहेत.

फरीदाबाद, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५