कोन्सेसांवचं नाव

१६ जून, सोमवार

शाळा सुरू! बालवर्गाची हजेरी घेताना हसूच आलं. यशोदा, विठ्ठल, रमा, भागीरथी! दोन वर्षांमागे सगळे कियान आणि रियांश होते, कोण कुठला ते माझ्याही लक्षात राहत नसे. भागीरथीची आई जीन्स घालून सोडायला आली. जाताना म्हणाली, "टीचर, तिला पूर्ण नावानेच हाक मारा हं. भागू नको."

आमच्या हेडबाई, सुगंधाबाई, कपाळाला हात लावून बसल्या. "माझ्या सासूचं नाव भागीरथी. जन्मभर लपवलंन तिने. आणि आता ती फॅशन!"

घरी येऊन लिओनला सांगितलं. बेकरीचे ट्रे पुसत होता. वाटलं नवरा हसेल. "हां," एवढंच म्हणाला. मान वर केली नाही.

१९ जून, गुरुवार

क्लॉडियाला मुलगी झाली! म्हापशाला, सकाळी. माय तिच्याजवळच आहे. बाळ बरं, बाळंतीण बरी. मी मावशी!

लिहिताना हात थोडा अडखळतो. अडखळू दे. धाकट्या बहिणीचं बाळ. आनंदच आहे.

२२ जून, रविवार

चर्चमधून मिस्सा आटपून आले तर फोनवर फोटो. पिवळ्या टोपीतलं बाळ, मुठी आवळलेल्या. खाली क्लॉडियाने लिहिलंय, "आमची छोटी कोन्सेसांव!"

परत वाचलं. मग फोन पालथा ठेवला.

कुठेतरी लिहायलाच हवं. दोन वर्षांमागे, नाताळ जवळ आला असताना, माझी मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. इगर्जीच्या, आमच्या चर्चच्या मागे, भिंतीकडेला तिला पुरली. बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून क्रुसावर नाव नाही. पण नाव होतं! ते मी आधीच ठेवलेलं. कोन्सेसांव. आमच्या आजीचं. माय कुवेतला कामाला होती तेव्हा आम्हा दोघींना जिने वाढवलं तिचं.

हे नाव लिओनला माहीत. आणि क्लॉडियाला. तिसऱ्या कोणाला नाही. मायलासुद्धा मी सांगितलेलं नाही. क्लॉडिया तेव्हा माझ्या खाटेवर बसून रडली होती. "कोणाक सांगूचंय नाय," म्हणाली होती.

सांगितलं नाहीच तिने. उचलून घेतलं.

आणि हीच क्लॉडिया! शाळेत पोरं आजीच्या नावाला हसायची तर ही सांगायची, आमच्या आजीचं नाव कोनी. आजी डबा घेऊन फाटकाशी आली की ही मुतारीत लपायची. डबा मी घ्यायचे. आणि आता तिला कोन्सेसांव हवी!

२३ जून

क्लॉडियाचे फोन येतायत. उचलत नाही.

२५ जून

माय फोनवर म्हणाली, "आजयेचा नाव ठेयल्यान, तुका बरा वाटूक नाय?" तिला काय सांगू! म्हटलं, सर्दी आहे.

२९ जून, रविवार

म्हापशाला जाऊन आले. एकटी. लिओन म्हणाला, ऑर्डर आहे.

दारात सॅम्युएल, क्लॉडियाचा नवरा. त्याने काजूचे लाडू पुढे केले. मी सरळ आत गेले. क्लॉडिया उशीला टेकून बसली होती, केस विसकटलेले, तोंड सुजलेलं. मला बघून तिचे डोळे भरले.

"घे गो तिका," म्हणाली.

हात धुतलेले नाहीत म्हटलं. धुतले होते.

"नाव बदल, क्लॉडिया."

"कित्याक?"

"तुका म्हायत आसा कित्याक."

तिने दाराकडे पाहिलं. माय स्वयंपाकघरात होती. मग आवाज खाली करून भराभर बोलायला लागली. "आता जुनी नावां परत येतत गो. माझ्या बँकेतल्या एकीन चेडवाचा नाव रोझारिया ठेयल्यान. सगळ्यांका किती आवडला! आणि आजी काय तुझी एकटीची होती? माका नाय वाढयल्यान तिना?"

"तू आजयेचा नाव घेवक नाय. माझ्या चेडवाचा, माझ्या पोरीचा घेतलंस."

 बाळाने जांभई दिली. इवलीशी, पूर्ण तोंड उघडून. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग क्लॉडिया म्हणाली, "मी चोरून घेवक नाय. लिओनभावजींका विचारलंय. ते म्हणाले, ठेव."

कधी? तर मे महिन्यात! आम्ही ईस्टरनंतर त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो त्याच्या पुढच्याच आठवड्यात. म्हणजे ती दीड महिना मला फोनवर विचारत होती, लिआना बरं की अमारा, आणि मी मूर्खासारखी मत देत होते! आणि लिओन समोर बसून चहा पीत होता.

परतताना बस तळेऱ्याची होती की कुठली, पाटी बघितलीच नाही. चुकीची निघाली, कंडक्टरने उतरवलं. दुसरी धरली.

३० जून

शाळेला रजा टाकली. बेकरीत गेले. भट्टी निवत होती, गडी जेवायला गेलेले. लिओन पिठाच्या टेबलाशी.

"तू तिका हो म्हटलंस?"

"हां."

"माका न विचारता?"

"तुका विचारला असता तर तू नाय म्हटला असतंस."

एवढं साधं! मी म्हटलं, ते काय जुना पाळणा आहे, कोणी मागितलं आणि दिलं? तुझी पण मुलगी होती ना ती? बाप ना तू?

तो हाताचं पीठ खरवडत राहिला. मग म्हणाला, "तू न्हाणयेत नळ सोडून तिचा नाव घेतंस. दररोज. माका भायर आयकाक येता, रिशेल."

 मला वाटायचं, पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही.

"माका वाटला, जित्या पोराक ता नाव गावला तर तू असा घेवचा बंद करतलंस. दोन वर्सां आयकतंय मी. माका सोसणा नाय."

दोन वर्षं! दोन वर्षं दाराबाहेर उभा राहून ऐकलंस आणि एकदा कडी वाजवली नाहीस? एकदाही आत येऊन म्हणाला नाहीस, चल, दोघं मिळून घेऊया तिचं नाव? त्यापेक्षा देऊन टाकलंस. घरातून जावं म्हणून.

हे त्याला बोलले नाही. इथे लिहितेय. क्लॉडियाने घेतलं त्याचं दुःख एक. पण ह्याने दिलं.

१ जुलै

बेकरीतून घरचा पाव आला. घेतला नाही. भाकऱ्या थापल्या. त्याच्यासाठी नाही.

४ जुलै

न्हाणीत नळ सोडला आणि तोंड उघडलं. नाव आलं नाही. तो बाहेर असेल असं वाटलं. नसेलही. पण आता तेही गेलं माझं.

९ जुलै, बुधवार

भागीरथी वर्गात लगेच ओ देत नाही. अजून नावाची सवय नाही बिचारीला, घरी म्हणे तिला पिहू म्हणतात. सुटल्यावर तिच्या आईला विचारलं, नाव कोणाचं, आजीचं का?

"छे! कोणाचंच नाही. इंटरनेटवर सापडलं. जुनी नावं सध्या खूप चालतायत ना, टीचर."

कोणाचंच नाही! मला इतका हेवा वाटला तिचा. ज्याच्यामागे कोणी मेलेलं नाही असं नाव. दुकानातून पिशवीत घालून आणल्यासारखं.

सुगंधाबाई म्हणाल्या, "रिशेल, डोळे का असे? तुमच्यातपण जुनी नावं ठेवायला लागले की काय?" थट्टेने म्हणाल्या. त्यांना काय माहीत.

१३ जुलै, रविवार

क्लॉडियाचा फोन. ह्या वेळी उचलला. पुढच्या रविवारी बाप्तिस्मा. "तूच धर्ममाता होवूक व्हयी. मी दुसऱ्या कोणाक विचारूक नाय."

धर्ममाता! म्हणजे मी तिला हातात धरून उभी राहू, फादर विचारतील बाळाचं नाव काय, आणि ते सगळ्यांसमोर मी ऐकू. माझ्या मुलीला जे पाणी मिळालं नाही ते त्याच नावावर पडताना बघू.

"येवचंय नाय," म्हटलं.

"दीदी..."

लहानपणानंतर तिने मला दीदी म्हटलं नव्हतं. मी फोन ठेवला. 

२० जुलै, रविवार

नाही गेले. लिओन गेला. सफेद शर्ट त्याने स्वतः इस्त्री केला, कॉलरला सुरकुती राहिली. मी बघितली. सांगितली नाही. दारात थांबला जरासा. मग गाडी सुरू झाली.

इगर्जीमागे जाऊन बसले. भिंतीपलीकडच्या माडावर कोणी कोयती चालवत होतं. तिला म्हटलं, तुझं नाव आज दुसरीला दिलंनी गो. मी काहीच करू शकले नाही.

लिओन आला तेव्हा कपाळाला केकचं क्रीम लागलेलं होतं, कुठल्यातरी पोराने लावलेलं.  मी विचारलं नाही, धर्ममाता कोण झाली.

२२ जुलै, मंगळवार

जासिंतमावशी आली बाप्तिस्म्याच्या केकचा डबा घेऊन. आजीची धाकटी बहीण, आता तीच काय ती उरली. मी डबा उघडलाच नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी सगळं सांगून बसले. मुलीचं नाव, क्लॉडिया, लिओन, सगळं. तिला पहिल्यांदाच.

ऐकून म्हणाली, "तुझी आजी दुसरी कोन्सेसांव गो."

"दुसरी म्हणजे?"

"पयली तिच्याआदी जल्मल्ली. चलूक शिकली आणि देवीच्या रोगान गेली. मगे तुझी आजी झाली. लोक आमच्या आवयक म्हणाले, मेल्ल्याचा नाव नको. आवय म्हणाली, ह्या नावान पोरीक हाक मारूची माझी अजून रवली हा."

आजीला हे माहीत होतं का, मी विचारलं. "मगे? पयली गेली त्या दिसाक दर वर्सा मेणबत्ती तीच पेटयी."

मावशी गेल्यावर क्लॉडियाला फोन लावला. 

"कोन्सेसांव काय करता?"

 पलीकडून क्लॉडिया हळूच म्हणाली, "दूद पिता आसा."