दहा ते दोनची बॅटरी

मंगळवार, ८ एप्रिल २०२५

मेली एकदाची इन्व्हर्टरची बॅटरी! केबलच्या कामासाठी दर मंगळवारी दहा ते दोन लाईट जाणार, अशी नोटीस खाली जिन्यात लागली आहे. पहिल्याच मंगळवारी आमची जुनी ॲसिडवाली अर्ध्या तासात बसली. मी नौपाड्यात, क्लिनिकमध्ये कामावर. सर्वेशचा फोन— "ताई, आईचं मशीन बंद पडलं!" ऑक्सिजनचं मशीन. शेजारच्या रघूने छोटा सिलेंडर लावून दिला म्हणून निभावलं.

डोंबिवलीला घरी पोचते तर सर्वेशचा वेगळाच तमाशा. घरून काम करतो, त्यात क्लायंटबरोबरची मीटिंग मधेच तुटली. "अजून एकदा असं झालं ना, तर काढतील मला!" आईच्या उशाशी उभा राहून ओरडत होता. शरम वाटते का, म्हणून झापलं त्याला.  आई नाकातली नळी सारखी करत मशीनकडे बघत राहिली.

गुरुवार, १० एप्रिल

खोपटला डेपोमागे गॅब्रिएलचं दुकान आहे, तिथे गेले. लिथियमच घ्यायची हे ठरलं. पाणी घालायची कटकट नाही, वास नाही. पण लहान की मोठी?

"मोठीच घ्या ताई. मशीन एकटं साडेतीनशे वॅट खातं. वर भावाचा कॉम्प्युटर, पंखे. लहान अडीच तासांत झोपेल."

विकणारा मोठीच सांगणार! मोठी दुप्पट भावाची. मी अडून बसले. शेवटी तोच म्हणाला, लहान न्या, दोन मंगळवार वापरून बघा, नाही पुरली तर बदलून देतो.

निघताना म्हणाला, "एक लक्षात ठेवा. जुन्या बॅटरीत ट्यूब मंद व्हायची, पंखा रेंगाळायचा, कळायचं. ही काही कळू देणार नाही. शेवटपर्यंत फुल, मग खटकन बंद."

हे वाक्य डोक्यातून जात नाही.

शनिवार, १२ एप्रिल

बसवली, सर्वेशच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये. आई नळी ओढत तिथवर आली, बॅटरीला हळदकुंकू वाहिलं. "किती वेळ चालेल गं?"

"जितकं कमी लावू तितकी जास्त."

"सर्वेशची मीटिंग नाही ना तुटणार?"

"नाही गं बाई!"

भरलेला सिलेंडर सर्वेशच्या ताब्यात दिलाय. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की त्याने तो आईला लावायचा.

मंगळवार, १५ एप्रिल

दुपारी दोनला सर्वेशने बॅटरीच्या पडद्याचा फोटो पाठवला. बावन्न टक्के शिल्लक! चार तासांनंतर! सिलेंडरला हातसुद्धा लावावा लागला नाही. लगेच गॅब्रिएलला फोन लावला. म्हटलं, घ्या तुमचा हिशेब!

"शक्यच नाही ताई. मशीन चालू होतं ना?"

"मग काय शोभेला ठेवलंय?"

 मला मोठी खपवायला निघाला होता!

आईचं डोकं दुखतंय. ऊन फार आहे.

बुधवार, १६ एप्रिल

आईने मला दोनदा "रंभा" म्हणून हाक मारली. रंभामावशी जाऊन किती वर्षं झाली.

मंगळवार, २२ एप्रिल

पुन्हा तेच. चोपन्न टक्के शिल्लक. गॅब्रिएलला कळवून टाकलं, लहानच ठेवतो. "बघा बुवा," एवढंच म्हणाला.

पण घरी आले तर आई उठेना. हलवून जागं केलं. नखं निळसर. बोटाला ऑक्सिमीटर लावला— एक्याण्णव. म्हणजे तिच्या मानाने ठीकच की. मशीनही नीट घरघरत होतं. सर्वेशला विचारलं, तर म्हणे दुपारभर झोपली होती, मी कॉलवर होतो. दिवसभर कानात हेडफोन आणि दार बंद! त्याला काय कळणार!

मला भीती वाटते. बॅटरी मिळाली आणि आईच उतरत चालली.

शनिवार, २६ एप्रिल

डॉक्टरांकडे नेलं. हृदयावर ताण आलाय म्हणाले. "ऑक्सिजन चोवीस तास चालू असतो ना?"

"असतो. लाईट गेली तरी! लिथियमची बॅटरी घेतलीय." ऐटीत सांगितलं मी.

आई खिडकीबाहेर बघत होती.

"मग आजारच पुढे गेलाय," डॉक्टर म्हणाले. बाहेर मला एकटीला गाठून म्हणाले, फार दिवस धरू नका. रिक्षात आईचा हात हातात धरून बसले. रडू आवरेना. तीच मला म्हणाली, "रडतेस कशाला? सगळं नीट चाललंय ना घरात?"

मंगळवार, २९ एप्रिल

आज क्लिनिक बंद, मी घरी. दहाला लाईट गेली. मी स्वयंपाकघरात होते. ट्यूब लगेच लागली, पंखा फिरायला लागला, आणि आईच्या खोलीतली घरघर थांबली.

धावले. आईचा हात मशीनच्या बटणावर.

मला बघून दचकली. "अगं, सर्वेशची मीटिंग आहे," धापा टाकत म्हणाली. "लाईट आली की करतेच की मी चालू."

गॅब्रिएलचा हिशेब बरोबर होता.