आईनं समुद्राची ओटी भरली

आप्पा, आई सुखरूप आहे, हे आधी सांगून टाकते. आत्ता ती स्वयंपाकघरात खर्डा कुटतीय आणि मिरचीचा ठसका माझ्या खोलीपर्यंत येतोय. तरी मी सारखी उठून बघून येते, बाई जागेवर आहे ना म्हणून. "काय सारखी डोकवाय लागलीस गं?" म्हणून ती खेकसलीसुद्धा. बेटावरून आल्यापासून माझं हे असं झालंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भ्याले की तोंडात तुमचंच नाव येतं.

आईनं समुद्र बघितलाच नव्हता. शिरोळची बाई, कृष्णेपलीकडचं पाणी तिला ठाऊक नाही. म्हणून मी आणि नवऱ्यानं कोल्हापुरातून गाडी काढली आणि गगनबावड्याचा घाट उतरून तिला कोकणात नेलं. तिथं किनाऱ्यासमोर एक बेट आहे, वनखात्यानं त्याचं उद्यान केलंय. जुन्या किल्ल्याचा ढासळलेला बुरूज, कासवांची अंडी राखायला वाळूत लावलेली जाळी, सुरूच्या शेंड्यावर समुद्री गरुडाचं घरटं. नवरा किनाऱ्यावर गाडीपाशीच थांबला, आम्ही दोघीच गेलो. होडीतून उतरल्या उतरल्या आई गरुडाकडे बघत म्हणते, "घार न्हाय व्हय ही? केवढं गं धूड!" बुरुजावरच्या गंजक्या तोफेच्याही पाया पडली. किती खूश होती, काय सांगू! मग हळूच पिशवीतून खण, तांदूळ, नारळ काढला. तुमच्या मागं गावात तिच्यापुढं ओटीचं ताट कुणी करत नाही, आणि नदीची ओटी भरायला बायका निघाल्या की ही घरातच काहीतरी काम काढून बसते. मला कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "नदीवर चालत न्हाय म्हणत्यात. हितं मला कोण वळखतंय?" पुढं वाळूची एक चिंचोळी पट्टी होती आणि तिच्या टोकाला काळा खडक. "तू हितंच बस. तिकडं बघू नगंस," म्हणाली, आणि पदर खोचून एकटी निघाली.

मी बसले. आणि आप्पा, मी काय केलं असेल? तुम्ही महापुरात अंगणात पाण्याच्या कडेला काठी रोवायचा ना, पाणी काठीला लागलं नाही तर निवांत झोपा म्हणायचा, तशी सुरूची एक फांदी पाण्याच्या कडेला वाळूत रोवली. तुमच्या त्या काठीला हात लावला म्हणून तुम्ही मला एकदा थोबाडीत दिली होती, इतका तुमचा तिच्यावर भरवसा. फांदी कोरडी होती. मी तिच्याकडंच बघत बसले, आईनं बघू नको म्हटलं होतं म्हणून. एवढ्यात होडीवाला बोंबलत आला, "अवो, बघतास काय! भरती इली!" मान वळवली तर पट्टी नाहीच. नदी एका अंगानं चढते, आप्पा. समुद्र पलीकडच्या अंगानं, बेटाला वळसा घालून आला होता. आई खडकावर उभी, लाटा तिच्या पोटरीला, आणि मधे नुसतं पाणी.

मी ओरडतेय, तिला ऐकू येत नाहीय. होडीवाला दोर आणायला पळाला, मला थांबा म्हणाला. मी कशाची थांबते! पाणी छातीला लागलं. पायाखालून वाळू सरकत होती. खडकापाशी पोचले तेवढ्यात लाटेनं आईला उचललं आणि माझ्या अंगावर आणून टाकलं. बुडणाऱ्याला समोरून धरू नये, मिठी मारतंय, मागनं धरायचं, हे तुम्ही विहिरीत पोहायला शिकवताना शंभरदा सांगितलं असेल. मी समोरूनच धरलं. तिनं मानेला अशी मिठी मारली की दोघी खाली गेलो. डोळ्यांपुढं सगळं हिरवं. आता संपलं, असं मला अगदी स्वच्छ वाटलं. मग कुणीतरी वेणीला धरून मला वर ओढलं, होडीवाला होता. दोर कमरेला बांधून आला होता बिचारा.

वाळूवर पडल्या पडल्या मी आईला खूप बोलले. म्हातारपणी हे काय सुचलं, अक्कल आहे का, नाही नाही ते. ती खारं पाणी ओकली, तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "पोरी, वरडू नगंस. नारळ पोचला न्हवं?" पोचला की, म्हटलं. तशी हसली. मला मात्र रडू आवरेना. येताना घाटभर तिचा हात सोडला नाही, गाडी नवऱ्यानं चालवली.

सगळे म्हणतात, आईसाठी पोरगी जिवावर उदार झाली. शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या. मी चहा टाकायला उठते. पाण्यात शिरताना माझ्या मनात तिचा जीव नव्हताच, आप्पा. तुम्ही गेलात, आता ही गेली की मला पोरी म्हणणारं कुणी उरणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मी माझ्यासाठी भ्याले होते. हे तिला कधी सांगायची नाही. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तर लिहिता आलं.