बाबांचा बिल्ला

क्लेटनबाळा, ताईचा आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. आईचा खोकला कसाय?

रविवारी आम्ही बंद खाणीच्या रानवाटेवर मोबाईलवर खूण बघत लपवलेला डबा शोधला. डब्यातलं एक घ्यायचं, तोलामोलाचं एक ठेवायचं, हा खेळाचा नियम. माझ्या नवऱ्याने, डेलबर्टने, प्लास्टिकचा बेडूक घेतला आणि माझ्या किल्ल्यांतला बाबांचा खाणीतल्या हजेरीचा पितळी बिल्ला ठेवला! घरी येऊन सांगतो, "अगं, खाणीची वस्तू खाणीतच शोभते."

"मग तूही तिथेच शोभशील," म्हटलं. काल डेलबर्टला पुन्हा त्या रानवाटेचा चढ चढवला. गुडघा सुजला, रडला, तरी थांबू दिलं नाही. डब्यात बिल्ला नव्हता. कुणीतरी नियमाने नेला.

आईला सांगू नकोस. बाबा खाणीतून वर आलेच नाहीत; पुरायला, खाली उतरताना त्यांनी फाटकावर टांगलेला तो बिल्लाच तेवढा उरला होता, आणि तोही तिने न पुरता माझ्याकडे दिला होता.

तुझी तापट ताई,
लोरीन