बाबांचं खुरपं

बाबा, काल तुमचा सत्कार झाला. रायपूर आता राजधानी आहे. नव्या राज्याला आपली म्हणावी अशी माणसं हवी आहेत, आणि कुणाला तरी आठवलं की जहाजाने जाऊन ऑलिंपिकला धावलेला एक माणूस इथल्याच ब्राह्मणपाऱ्यात राहत होता. खेळ खात्याचे साहेब घरी आले. त्यांना धावणारे तुम्ही हवे होते, नट नको. “दीदी, नाटक-वाटक रहने दीजिए. और वो आखिरी आने वाली बात तो बिल्कुल मत बोलिएगा,” चहा पिता पिता त्यांनी बजावलं. मला राग आला. आपल्या बापाविषयी काय बोलायचं ते परक्याने सांगावं?

मी तुम्हाला शर्यतीत कधी पाहिलंच नाही. रेल्वेची नोकरी सोडून तुम्ही फिरत्या नाटक कंपनीत गेलात तेव्हा आईने अबोला धरला, पण कंपनी रायपूरला आली की पहिल्या रांगेत तीच. मी विंगेत. तुमचं काम एवढंच, पराभवाची बातमी घेऊन धावत यायचं आणि राजापुढे कोसळून मरायचं. रंगमंच मातीच्या ओट्याचा. तुम्ही पिशवीतून खुरपं काढता आणि पायाची बोटं रुततील असे दोन खड्डे खणता. तुमच्या काळी शर्यतीत सगळेच तसं करत. ओटा खराब होतो म्हणून मॅनेजर करवादतोय. तुम्ही ओणवे होता आणि सुटता. पडता तेव्हा तोंड लोकांकडे असतं. एकदा मला हसू फुटलं, कारण आत आल्याबरोबर तुम्ही चहा मागणार हे मला ठाऊक होतं.

रंग पुसताना तुम्ही झापलंत. “काहून हसून राहिली होती, पोट्टे? तिथं शेवटचा आलो तं तोंड लपवत घरी आलो. इथं तेच तोंड लोकायले दाखवतो. मले बरं वाटते.” तुम्ही खरोखर गेलात त्या दिवशी तोंडावरचं कापड मीच बाजूला केलं होतं. येणाऱ्याला नीट दिसावं म्हणून.

काल निवेदक तुम्हाला विजेता म्हणत होता. माईक हातात आल्यावर मी म्हणाले, “बाबूजी आखिरी आए थे. फिर वो नट बने, और वही हार सबको दिखाते रहे.” साहेबांनी मान खाली घातली. एकही टाळी नाही. मग मागे एक म्हातारे गृहस्थ उठले. “हव, मैं देखे हंव. दउड़त आवय अउ गिर जाय.”

कार्यक्रमानंतर साहेबांनी संग्रहालयासाठी तुमचं खुरपं मागितलं. “वो तो कब का गुम गया, भैया,” मी म्हणाले. ते हळहळले, मीही हळहळले. आज सकाळी त्याच खुरप्याने मी तुळशीची माती भुसभुशीत केली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तेवढा अभिनय मलाही जमला, बाबा.