आत्याच्या पोटरीखालची वीट

३ फेब्रुवारी
लिहिण्यात चुका असतील, माफ करा. आठवीतून शाळा सुटली, अन् मोबाईलवर एका बोटानं लिहायला लई टाइम लागतो.

आज देवगाव रंगारीहून शहरात, औरंगपुऱ्यात कडूबाई आत्याकडं आले. तिचा गुडघा बदललाय, कालच दवाखान्यातून घरी आणलं. मला बघून म्हणली, आली माझी नर्सबाई विशी, पगार मात्र भाकरीवरच! लई हसलो. तिच्या मांडीत बारीक नळी हाय, नळीला मोसंबीएवढा फुगा. फुग्यातलं सुन्न करायचं औषध थेंब थेंब पायात उतरतं, म्हणून दुखत नाय. तीन दिवस पुरंल म्हणे. दवाखान्यातली सिस्टर आली, भराभरा काय काय सांगितलं, इंग्रजी कागद दिला. समजलं का म्हणली. मी मान हलवली. संध्याकाळी आत्याच्या पोरानं, संघपालदादानं, विचारलं, कागद वाचलास ना? तवाबी मान हलवली. वाचता येत नाय म्हणायची लाज वाटली.

४ फेब्रुवारी
दादा कंपनीत गेला. आत्या म्हणली पाय गार पडलाय. आमच्या गावाकडं वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकत्यात. मी तशीच पोटरीखाली ठिवली. लई गरम हाय का विचारलं. म्हणली, काहीच लागंना गं, अजून तापव. अजून तापवली. भांडी घासून होईस्तोवर तशीच राहिली.

काढली तर कातडी फडक्याला चिकटून —

आत्या टीव्ही बघत हसायली व्हती.

५ फेब्रुवारी
दादानं गोळ्यांच्या वेळा बघायला कागद काढला, मोठ्यानं वाचला. सुन्न पायाला शेक द्यायचा नाय, चटका बसला तरी पेशंटला कळत नाय. म्हणला, तुला तर माहीतच हाय. मी व्हय म्हणले.

पायावर चादर ओढून ठिवलीय. वास यायलाय. अगरबत्ती लावली. आत्या शेजारणीला सांगायली, भाची लई जीव लावती. मोरीत जाऊन रडले.

फुगा लिंबाएवढा झालाय.

६ फेब्रुवारी
दादा डबा भरत व्हता. तोंडापर्यंत आलं. तो गेला.

चादर उचलली. मधी पांढरं, कडंनं काळं — विटेचा कोपरा तसाच उमटलाय —

फुगा बोराएवढा.

६, दुपारी
फुगा चपटा झाला.

आत्या टीव्ही बंद कर म्हणली.

म्हणली, विशे, पायाखालची तेवढी वीट काढ गं.

वीट तर परवाच — मोरीमागं —

परत म्हणली. काढ ना. काढ गं माय, पाया पडते तुझ्या —

दादाला फोन लावते. काय सांगू. मीच —

खालून बायका ओरडायल्यात, आठ दिसांनी नळाला पाणी आलंय, हंडे घेऊन ये म्हणत्यात —