किंजलचे दोरे

प्रिय दक्षा,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर लिहायला बसते आणि उठते. आजही चहा दोनदा गार झाला, थेपले करपले ते वेगळेच.

अध्यापन मंदिराच्या होस्टेलात आपण घेतलेली शपथ आठवते? मुलांना उत्तर सांगायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. सोळा वर्षं मी ती पाळली. आमचे मुख्य शिक्षक जशुभाई अजून चिडवतात, "रंजनबेनना वेळ विचारा, म्हणतील सावली कुठं पडलीय ते बघा." यंदा चौथीनं दोन डब्यांत मूग पेरले. एक डबा खिडकीत, एक बंद कपाटात. रोज रोपाएवढा दोरा कापायचा आणि वहीत चिकटवायचा. खिडकीतलं रोप उंच होणार, असा सगळ्यांचा अंदाज. झालं उलटंच. कपाटातली रोपं पिवळी फटक, पण चांगली वीतभर. मुलं चक्रावली आणि मला आनंद मावेना. आता विचारणार होते, उंच म्हणजे निरोगी का?

तेवढ्यात तालुक्याचे साहेब शाळा तपासायला येणार असं कळलं. जशुभाई म्हणाले, "बेन, प्रश्न तुमचे नंतर. साहेबांपुढं पुस्तकातलंच निघू द्या, अंधारात रोप वाढत नाही म्हणून." माझी बदली साहेबांच्या हातात, आणि बापूजी इथं अंथरुणाला खिळलेले. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. शाळा सुटल्यावर कपाटातला डबा घरी आणला. तसल्याच एका रिकाम्या डब्यात माती भरून उसळीसाठी मोड आणलेले मूग खोचले आणि सकाळी तो कपाटात ठेवून दिला.

साहेब खूश झाले. तोच किंजल वही घेऊन उभी राहिली. हिची आई बाजारात भाजी विकते, पोर कुणाला भीत नाही. "बेन, हा डबा आमचा नाही. कालचा दोरा बघा ना केवढा आहे. रोप काय एका दिवसात परत मातीत जातं?" वर्ग हसला. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "तुझं मोजमाप चुकलं असेल, बेटा. बस खाली."

ती बसली आणि तिनं वहीतला एकेक दोरा उपटून काढला. याला नऊ दिवस झाले. शेरा चांगला मिळाला, बदली टळली. पण किंजल आता डोळ्यांसमोरचंही लिहीत नाही. काल गांडूळ दाखवलं, तर वही माझ्यापुढं करून म्हणाली, "बेन, काय लिहायचं ते तुम्हीच सांगा." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

ते दोरे मी केरातून वेचून ठेवलेत. डबा घरी धान्याच्या कोठीमागं अंधारात आहे. रोपांनी मान टाकायला घेतलीय, आज-उद्या जातील. म्हणून उद्याच. जशुभाई चिडतील, साहेबांच्या कानावर जाईल, बदलीही होईल कदाचित. हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. शपथ तुझ्याबरोबर घेतली होती, म्हणून मोडण्याआधी तुला कळवते आहे. उद्या मी प्रश्न विचारणार नाही. डबा किंजलपुढं ठेवून साऱ्या वर्गाला उत्तर सांगणार आहे, की तिचा दोरा बरोबर होता, डबा मी बदलला.

तुझीच,
रंजन